परम रुद्रची पूर्वतयारी घरच्या संगणकावर

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. ते लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील अग्रगण्य ५०० महासंगणकही केवळ लिनक्सवरच चालत आले आहेत. तरीही भौतिकशास्त्राचे अनेक विद्यार्थी टर्मिनल प्रथम पाहतात ते पीएच.डी.ला आल्यावर, आणि संशोधनाचे उमेदीचे महिने साध्या आज्ञा शिकण्यात जातात. हा विलंब टाळता येण्याजोगा आहे. उबुंटू विनामूल्य मिळते. पेनड्राइव्हवरून ते सुरू केल्यास, ‘इन्स्टॉल’ न निवडता, संगणकातील विंडोज व फायलींना धक्का न लावता वापरून पाहता येते. पदवीच्या पहिल्या वर्षीच रोज अर्धा तास ‘एलएस’, ‘सीडी’, ‘ग्रेप’ या आज्ञांचा सराव व्हावा. महासंगणक उभारणे शासनाच्या हाती. त्यावर काम करण्याची तयारी मात्र विद्यार्थ्याच्याच.