आडनाव हा पुरावा नव्हे

समान आडनावावरून प्रज्ञेचा वारसा सिद्ध करण्याची खोड आपल्या संशोधनाला जडली आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या पदरात पाडणारा गव्हर्नर नुनो द कुन्हा. १८७६ साली चौल-वसईचा इतिहास लिहिणारे गोमंतकीय डॉक्टर गर्सन द कुन्हा. गोमंतकीयांकडे अशी आडनावे रक्तातून नव्हे, धर्मांतराबरोबर आली. चित्रकार म. वि. धुरंधरांची रेषा जे. जे. स्कूलमध्ये घडली, संजीव धुरंधरांचे गुरुत्वीय लहरींचे संशोधन पुण्याच्या ‘आयुका’त वाढले. आडनाव यांतले काहीच उलगडत नाही. मराठीत ते बहुधा जात मात्र सांगते. म्हणूनच ‘प्रतिभेचे घराणे’ ही जातीचीच सभ्य परिभाषा ठरते. आडनाव झाकून ज्याला ग्रंथ वाचता येत नाही, तो समीक्षा करीत नाही, सोयरीक जुळवतो.