गडचिरोलीत नर्सिंगच्या जागा वाढणार. पण त्या जागांवर जिल्ह्यातल्या मुली दिसणार का?

गडचिरोली : बारावीचा निकाल लागला की जिल्ह्यातल्या अनेक घरांत एकच सल्ला ऐकू येतो, 'पोरीला नर्सिंगला टाका, नोकरी पक्की.' सल्ला चुकीचा नाही. पण नर्सिंग म्हणजे नेमका कोणता कोर्स आणि नोकरी म्हणजे कोणती ऑर्डर, हे विचारल्याशिवाय फी भरली तर पुढे पंचाईत होते. सध्या हे विचारण्याची गरज जास्त आहे, कारण शहरातलं चित्र बदलत आहे.

२०२४-२५ पासून गडचिरोलीत १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचं ऑनलाइन उद्घाटन केलं, त्यात गडचिरोलीचाही समावेश होता. महाविद्यालय आलं की त्याला जोडलेलं रुग्णालय वाढतं. खाटा वाढतात, अतिदक्षता कक्ष, शस्त्रक्रिया विभाग, नवजात शिशू कक्ष वाढतात. या प्रत्येक ठिकाणी तिन्ही पाळ्यांत परिचारिका लागतात. म्हणजे येत्या काही वर्षांत शहरात नर्सिंगच्या जागा वाढणार, हे उघड आहे.

कोर्स तीन, वाटा वेगळ्या

एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. हा कोर्स करून प्रामुख्याने उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली आरोग्य सेविकेची जागा मिळते. गावाकडे जिला 'नर्सबाई' म्हणतात, ती हीच. जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. मोठ्या रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेच्या जागेला, म्हणजे स्टाफ नर्सला, यापैकी एक लागतो. बीएस्सीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवं आणि सीईटीही द्यावी लागते.

खरी अडचण इथेच आहे. भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा या तालुक्यांत अकरावी-बारावी विज्ञानाची सोय सर्वत्र नाही. मुलगी कला शाखेत जाते, मग एएनएम करते. नव्या रुग्णालयातल्या जागा मात्र जीएनएम-बीएस्सीच्या. त्यात वैद्यकीय शिक्षण विभागाची परिचारिका भरती राज्यस्तरावर होते. परीक्षा एकच, उमेदवार सगळ्या महाराष्ट्रातले. म्हणजे जागा गडचिरोलीत निघतील आणि निवड बाहेरच्या जिल्ह्यांतल्या मुलींची होईल. त्यांनी यावं, कामही करावं. पण अनेकजणी पहिल्या संधीला बदलीचा अर्ज टाकतात आणि जागा पुन्हा रिकामी होते. दुर्गम जिल्ह्याचं हे जुनंच दुखणं आहे.

भाषा हीसुद्धा पात्रता

या जिल्ह्यात १२ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १० लाख ७२ हजार ९४२ लोक आहेत. भामरागडात माडिया, धानोऱ्यात गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीत छत्तीसगढी बोलली जाते. बाळंतीण कुठे दुखतं ते माडियात सांगते आणि समोरच्या सिस्टरला फक्त मराठी येते, तेव्हा उपचाराची सुरुवातच अडखळते.

स्थानिक बाईला शिकवलं तर काय होतं, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच महिलांना आरोग्यदूत म्हणून घडवलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत. या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात ही पद्धत आली. या बायका नर्स नव्हत्या. मग गावची भाषा येणारी मुलगी पूर्ण शिकून नर्स झाली, तर किती फरक पडेल, हे वेगळं सांगायला नको.

ऑर्डर कायम की कंत्राटी?

दुसरा प्रश्न ऑर्डरचा. आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी सेविका काम ओढतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या दिवसांतही लसीकरण आणि मलेरियाच्या तपासण्या त्यांच्याच माथी असतात. दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. तरी तो अंमलात यावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभरातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना संप करावा लागला.

पेसा भरतीचं तसंच झालं. अनुसूचित क्षेत्रातली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायचा मार्ग २०१४ च्या अधिसूचनेने मोकळा झाला होता. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पात्र उमेदवारांना मानधनावर नेमण्याचा तोडगा निघाला. म्हणजे नोकरी मिळाली, पण हक्काची नाही.

मग करायचं काय?

शासनाकडून दोन गोष्टी हव्यात. दक्षिणेकडच्या तालुक्यांतल्या आश्रमशाळांत विज्ञान शाखा वाढवणं आणि गडचिरोलीतल्या परिचारिका भरतीत माडिया-गोंडी येणाऱ्या उमेदवारांना काही गुण देणं. रिकाम्या जागेचा खर्च पाहता यात शासनाचा तोटा नाही.

पालकांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कला शाखेच्या मुलीला जीएनएम बंद नाही. बारावीला इंग्रजी आणि ४० टक्के गुण असतील तर अर्ज करता येतो. एएनएम झालेल्या मुलीलाही पुढे जीएनएम करता येतं. आणि कुठल्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी त्याला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे आधी बघावं. कौन्सिलची नोंदणी नसेल तर सर्टिफिकेट हातात असूनही सरकारी भरतीत अर्ज टिकत नाही.