आधी पिंप तपासा, मग औषध बनवा

खोकल्याच्या औषधातून मुलांच्या पोटात विष जावे, हा प्रकार आता अपघात म्हणून सोडून देता येणार नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला. २०२५ साली छिंदवाडा भागातील वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. दोन्ही वेळी विष एकच : डायएथिलीन ग्लायकॉल. चवीला गोड, किमतीला स्वस्त आणि मूत्रपिंडांचा घात करणारे.

हे विष ओळखायला लाखो रुपयांचे यंत्रच हवे, हा समज खरा नाही. थिन लेअर क्रोमॅटोग्राफी ही जुनी, साधी पद्धत आहे. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर नमुन्याचा थेंब ठेवायचा, शेजारी शुद्ध विषाचा, आणि पट्टीचा तळ द्रावकात उभा करायचा. द्रावक वर चढतो, घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. मग रंग आणणारे रसायन लावले की ठिपके डोळ्यांनी दिसतात. एकाच पट्टीवर अनेक पिंपांचे नमुने तपासता येतात.

या पद्धतीला मर्यादा आहेतच. भेसळ नेमकी किती, हे ती खात्रीने सांगत नाही. दोन पदार्थ एकाच उंचीवर थांबले तर फसगत होते. हवेतील ओलाव्यानेही ठिपके सरकतात. या विषाची मान्य मर्यादा शेकडा ०.१ आहे. इतके बारीक मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफीच हवी. परंतु छिंदवाड्याच्या औषधात ते शेकडा ४८.६ निघाले! एवढे विष साध्या पट्टीनेही पकडले असते. पट्टी कमी पडली नाही. ती वेळेवर कोणी वापरली नाही.

गांबियातील बालमृत्यूंनंतर भारताने १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा केला. देशात विकायच्या बाटलीला ती सक्ती तेव्हा लावली नाही. म्हणजे परदेशी मुलासाठी तपासणी, आणि आपल्या गावच्या मुलासाठी व्यापाऱ्याने दिलेला कागद! परदेशात राहणाऱ्या आम्हाला हा भेद लाजिरवाणा वाटतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. कारखान्यात येणारे प्रत्येक पिंप आधी पट्टीवर तपासावे, संशय येताच बाजूला काढावे. आणि तयार औषधाचा अंतिम निवाडा गॅस क्रोमॅटोग्राफीने करावा. बाटली निर्यातीची असो की गावच्या दुकानातली.