आधी कोणतं काम?



2016 चा एप्रिल आठवतो ना? लातूर तहानलेलं होतं. तरी रेल्वेच्या वाघिणी आधी कोट्याला धुतल्या, मग मिरजेला भरल्या आणि 12 एप्रिलला पहिल्या दहा वाघिणी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचल्या. घाई होती म्हणून धुणं टाळलं नाही. घाईतही कामाचा क्रम पाळावाच लागतो.

आमच्या द्विशिक्षकी शाळेत मात्र "माहिती आजच पाठवा" असा निरोप आला की पहिला बळी वाचनाचा जातो. माझं म्हणणं एवढंच : सकाळी मुलं ताजी असतात, तो पहिला तास वाचनालाच द्या. माहिती दुपारनंतरही भरता येते, सकाळ परत येत नाही.

पालकहो, घरीही संध्याकाळच्या कामांचा क्रम मुलांनाच लावू द्या. चुकतील, पण शिकतील!