रात्रीच्या मुक्कामाच्या मालमोटारी

निपाणीची तंबाखू आणि संकेश्वरची मिरची दूरदेशी गेली ती पुणे-बंगळूर महामार्गाने. त्याच रस्त्यावरून रात्री गावात उतरणाऱ्या मालमोटारी मात्र सीमाभागातील आपल्या लहान गावांना आता नकोशा झाल्या आहेत. दिवसा मोटारी व दुचाक्यांसाठी राखलेल्या वाहनतळावर, नाहीतर आठवडी बाजाराच्या मैदानात, रात्री दहानंतर एकेक ट्रक येऊन विसावतो. सकाळी भाजीवाली पाटी घेऊन येते, तेव्हा तिच्या नेहमीच्या जागेवर वंगणाचा काळा डाग पसरलेला असतो.

शेजारच्या घरांची तक्रार खोटी नव्हे. पहाटे चारला इंजिने घरघरू लागतात ती बराच वेळ थांबत नाहीत. चालक हे खोडसाळपणाने करीत नाही. अवजड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. उभ्या गाडीत तो दाब उतरतो आणि पुरेसा चढेपर्यंत गाडी हलविणे धोक्याचे असते. परंतु खिडकीखालची घरघर ऐकत कूस बदलणाऱ्या बाळंतिणीला ही यंत्रविद्या सांगून काय उपयोग? शिवाय भाराचा प्रश्न आहे. चार चाकांच्या एका आसावर पूर्वी १०.२ टन भाराची मुभा होती. २०१८ साली ती ११.५ टन झाली. हलक्या मोटारींसाठी अंथरलेले सिमेंटचे ठोकळे या भाराने खचतात, पावसाळ्यात तेथे डबकी साचतात आणि दुरुस्तीचा खर्च नगरपालिकेच्या, म्हणजे आपल्याच, माथी येतो.

यावर सुचविला जाणारा सोपा उपाय म्हणजे वाहनतळाच्या तोंडाशी लोखंडी आडवी कमान: मोटार आत जाईल, ट्रक अडेल. हा उपाय मला पटत नाही. कमानीने ट्रक अडतो, चालकाची झोप अडत नाही. तो हमरस्त्याच्या कडेला जाऊन थांबतो, पुष्कळदा मागचा दिवा न लावता. आणि अंधारात त्यावर मागून आदळणारा दुचाकीस्वार बहुधा आसपासच्याच एखाद्या गावचा असतो. रहदारीस धोका होईल असे वाहन उभे करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मनाई आहे खरी, पण पेंगुळलेल्या माणसाला कलम आठवत नाही.

मग तो गावातच का येतो? उजेड असतो, जेवण व पाणी मिळते, आणि आडरानात टाकीतले डिझेल चोरीला जाण्याची वा ताडपत्री कापली जाण्याची जी धास्ती असते ती येथे कमी. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचेच काम, दोन दिवसांच्या कामात सलग नऊ तासांची विश्रांती आणि रात्रीच्या मुक्कामी मालकाने पुरविलेले विश्रांतिगृह, असे सारे लिहून ठेवले होते. पण पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकाला तो कायदा लागूच नव्हता, आणि आपल्याकडचे पुष्कळ ट्रक एकदोन गाड्यांच्या मालकांचे. चालकाचे विश्रांतिगृह म्हणजे त्याची केबिनच.

वाहने उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरविण्याचा अधिकार सरकारला १९८८ च्या कायद्याने दिला आहे. तेव्हा अशी जागा मागून घ्यावी. माझ्या मते बाजार समितीचे आवार त्यास सर्वांत योग्य. ट्रकच्या वजनाला ते सरावलेले असते आणि रात्री बहुतांशी रिकामे असते. तेथे दोन दिवे, नळ, शौचालय व रखवालदार ठेवावा. रात्रीचे भाडे पावती देऊन घ्यावे आणि सौदे सुरू होण्यापूर्वी गाड्या बाहेर काढाव्यात. शौचालयाचा खर्च अंदाजपत्रकातून प्रथम गळतो, म्हणून त्यावर नगरसेविकांनीच लक्ष ठेवलेले बरे. आणि चाकांना लावण्यासाठी थोडे लाकडी ठोकळे रखवालदाराकडे ठेवावेत. आज त्या कामी रस्त्यावरचे दगड वापरले जातात, ट्रक निघून जातो, दगड तेथेच राहतात, आणि सकाळच्या धुक्यात शाळेला निघालेली सायकल त्यांवर अडखळते.