ग्रहणाचे डाग

बाळाच्या अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे चट्टे दिसले की आपल्या घरांत पहिली उलटतपासणी आईची होते. ग्रहणात बाहेर पडली होतीस का? सुरी हातात घेतली होतीस का? विचारणारी सासू नमाज-रोजा पाळणारी असते आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. मला वाटतं. पैगंबरांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्याच्या मृत्यूमुळेच लागलं. पुत्रशोकातही पैगंबरांनी ते खोडून काढलं : सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जगण्यामरण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. हा प्रसंग बुखारीत आहे. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत मात्र तो पोचलेला दिसत नाही.

एखाददुसरा डाग अनेक निरोगी मुलांना असतो, त्याची धास्ती नको. पण वयात येण्याआधी ५ मिलिमीटरहून मोठे सहा किंवा जास्त चट्टे असतील, काखेत-जांघेत बारीक ठिपके उमटू लागले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ बद्दल विचारावं. १७व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला हा बिघाड साधारण ३००० मुलांत एकाला असतो. चट्टे दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणूनच तर तावीजवर भागतं. धोका आत असतो : डोळ्याच्या नसेवर गाठ, वाकणारा कणा, अभ्यासात मागे पडणं. लहानपणी दरवर्षी डोळे तपासायचे असतात. मीठ-मिरची ओवाळून नजर काढण्यात गेलेली वर्षं खऱ्या नजरेला महाग पडू शकतात.

आणि आईचा दोष? जवळपास निम्म्या मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो, कुणाकडूनच आलेला नसतो. उरलेल्यांत तो बापाकडूनही येतो. बापाच्या पाठीवरचे चट्टे मोजायला कुणी जात नाही.

कुणी लगेच म्हणेल, हे मुसलमानांतल्या चुलत-मावस लग्नांमुळे. या आजारापुरतं ते साफ चूक आहे. इथे जनुकाची एकच बिघडलेली प्रत पुरते. (मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या कित्येक हिंदू घरांतही होतं, हे टोमणे मारणारे विसरतात.) पण झेरोडर्मा पिग्मेंटोसममध्ये, जिथे तान्हेपणीच उन्हाने चेहरा ठिपक्यांनी भरतो आणि लहान वयात त्वचेचा कॅन्सर गाठतो, बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. तिथे नात्यातलं लग्न धोका वाढवतंच. इस्लामने असं लग्न जायज ठेवलंय, फर्ज केलेलं नाही. मेहेर ठरवायला आपण दोन-दोन बैठका घेतो. त्यातली पंधरा मिनिटं घराण्यातल्या आजारांवर बोलायला काय हरकत आहे?