टेकडी राखणे हेही स्वस्थवृत्तच

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. प्रकृती, आहार व सात्म्य भिन्न असूनही असंख्य माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रस्त होतात, या प्रश्नाचे उत्तर तेथे वायू, उदक, देश व काल या चार समान भावांच्या विकृतीत शोधले आहे. ही विकृती एकेका रुग्णास दिलेल्या पुडीने दूर होत नाही. म्हणूनच नगररचना हा वैद्यांच्या कक्षेबाहेरील विषय आहे, हे मत आम्हांस मान्य नाही.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. 1997 साली महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण प्रस्तावित झाले. दीर्घ वादानंतर 2015 साली शासनाने सुमारे 978 हेक्टरांवर ते मंजूर केले. मोबदल्याचा वाद मात्र मिटला नाही. टेकडीचा उतार पावसाचे पाणी मुरवितो, धूळ अडवितो व उष्मा कमी करतो. उदक, वायू व देश या तिन्ही भावांचे रक्षण एकच टेकडी करते.

वाढत्या लोकसंख्येस घरे कोठे द्यावयाची, हा आक्षेप रास्त आहे. घरे हवीतच; परंतु ती जेथे वाहतुकीची सोय आहे तेथे हवीत. पुण्यात 6 मार्च 2022 पासून मेट्रो धावू लागली. टेकडीवरील जमीनमालकास वाजवी विकास हक्क मिळावा व तो मेट्रो स्थानकांच्या परिसरात वापरता यावा. त्यामुळे मालकावर अन्याय होणार नाही, टेकडीही वाचेल. अर्थात, त्या दाट वस्तीतही मोकळी मैदाने राखलीच पाहिजेत.

हिरवेपणाचीही परीक्षा व्हावी. टेकड्यांवर गिरिपुष्प व रस्त्यांकडेला उलटा अशोक लावून द्रव्यगुणाच्या दृष्टीने काय साधले? खऱ्या अशोकाच्या सालीत या दुसऱ्या वृक्षाच्या सालीची भेसळ होते, हे औषधी दुकानदार बंधू जाणतातच. उद्यानांत खरा अशोक, अर्जुन, बेहडा, करंज लावल्यास बीज उपलब्ध होईल व विद्यार्थ्यांना द्रव्यपरिचयही घडेल. मात्र वाहनांच्या धुरात वाढलेल्या वृक्षांची साल औषधार्थ कोणीही काढू नये.

वृक्षरक्षणाचा कायदा राज्यात 1975 पासून आहे. 2021 च्या सुधारणेने 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांस वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. कायदा आहे, त्याची आठवण करून देणारे हवेत. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होताच संघटनेच्या प्रत्येक शाखेने मुदतीत लेखी हरकती व सूचना दाखल कराव्यात, आपल्या परिसरातील जुन्या वृक्षांची नोंद करावी आणि वृक्ष प्राधिकरणास देशी औषधी वृक्षांची यादी द्यावी.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे, असे आपण रुग्णास नित्य सांगतो. ते आता नगरासही सांगण्याची वेळ आली आहे.